नावात आडनाव नको

रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाच्या दुकानांच्या वर एक हॉल आहे. तिथे मी धंदा करायला शिकले. पुरणपोळी मला आधीपासून येत होती.

आमचे सासरे भंडाऱ्याकडून रेल्वेत लागून रायपूरला आले. नवरा रेल्वेच्याच वर्कशॉपमध्ये फिटर झाला. मी लग्न होऊन आले, आणि मुलगी इथे इतकी मुरली की मराठीत काही विचारलं तर उत्तर हिंदीत देते. नवऱ्याच्या डब्यात मी सणावाराला जास्तीच्या पोळ्या घालायचे, त्या वर्कशॉपमध्ये वाटून खाल्ल्या जायच्या. मग कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं बारसं, विहारातला कार्यक्रम असं करत करत आमच्या वस्तीत पुरण म्हटलं की लोक माझ्या फाटकाशी येऊन हाक मारू लागले. ओळखीपाळखीतलं काम होतं. कुणी मला माझं आडनाव विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना ते माहीत होतं आणि अर्ध्या लोकांचं तेच होतं.

मुलगी म्हणाली, मम्मी, हे वस्तीपुरतं कशाला ठेवतेस. छोट्या उद्योगवाल्या बायकांसाठी मोफत ट्रेनिंग आहे, तिने माझं नाव घालून टाकलं. मी गेले ते जरा घाबरतच. हॉलमध्ये ब्लाऊज शिवणाऱ्या, मेंदीवाल्या, केक करणाऱ्या, लोणची-पापडवाल्या अशा बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर मोबाईल होता. शिकवणारी पोरगी तिशीच्या आतली, बारीक, केस घट्ट बांधलेली. ती आम्हाला दीदी म्हणायची आणि स्वतःला फक्त पहिल्या नावाने हाक मारायला सांगायची.

तिने शिकवलं ते कामाचं होतं, हे मी आजही म्हणते. ट्यूबलाइटखाली खाण्याचा फोटो काढू नका, सगळं निळसर आणि शिळं दिसतं. सकाळी खिडकीशी ताट ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या. अख्खी पोळी दाखवू नका, मधून तोडा, आतलं पुरण दिसलं पाहिजे, आणि तूप ओतताना व्हिडिओ घ्या. धंद्याचा नंबर घरच्या नंबरापेक्षा वेगळा ठेवा. कुणी विचारलं तर लगेच उत्तर द्या. भाव ठरवायला वेळ हवा असेल तर तेवढंच लिहा, पण गिऱ्हाइकाला गप्प ठेवू नका, ते दुसरीकडे जातं. नकाशावर आपली जागा स्वतः दारात उभं राहून लावा, नाहीतर लोक मागच्या गल्लीत फिरत राहतात. खाऊन झाल्यावर, तोंडात चव असतानाच, त्यांना दोन ओळी लिहायला सांगा, दुसऱ्या दिवशी कुणी लिहीत नाही. सणाच्या ऑर्डरी सणाच्या बऱ्याच आधी घ्यायला लागा. आणि पासवर्ड कुणाच्याही हातात देऊ नका, घरच्यांच्यासुद्धा. पेज दुसऱ्याच्या नावावर निघालं की गिऱ्हाईकही दुसऱ्याचंच होतं, असं ती दोनदा म्हणाली. मला हे सगळं फार आवडलं. पुरण नीट शिजण्यासाठी जसं डाळ भिजवण्यापासून लक्ष द्यावं लागतं, तसंच हे आहे असं वाटलं.

मग तिने प्रत्येकीला आपापला व्हिडिओ आणि धंद्याचं नाव दाखवायला सांगितलं.

माझ्या शेजारी पापडवाली होती. तिच्या धंद्याचं नाव तिच्या आडनावावरूनच होतं. शिकवणारीने ते वाचलं आणि म्हणाली की छान आहे, घराण्याचं नाव आहे, भरवसा वाटतो. नंतर माझा मोबाईल घेतला. माझा व्हिडिओ मुलीने आमच्या बाहेरच्या खोलीत काढला होता. मी पोळी लाटत होते, आणि पाठीमागच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. तो सासऱ्यांनी हे घर बांधलं तेव्हा लावलेला. खाली फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. नाव मी माझ्या आडनावाचं, पुढे गृहउद्योग असं ठरवलं होतं.

तिने व्हिडिओ थांबवला. मग आवाज बराच खाली आणून म्हणाली, "दीदी, पीछे की दीवार प्लेन रखिए. और नाम में सरनेम मत डालिए."

मी विचारलं, "काहून?"

"खाने का काम है ना दीदी. सबको अपना लगना चाहिए."

इतकं बोलून ती पुढच्या बाईकडे गेली. मला पुढचं वाक्य ऐकायची गरज नव्हती. पापडवालीने माझ्याकडे पाहिलं आणि काहीच न समजल्यासारखी आपल्या मोबाईलमध्ये बघू लागली. बहुतेक तिला खरंच काही समजलं नव्हतं. या गोष्टी समजण्याची तिला कधी गरजच पडली नसणार.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा मुलगी अजिबात चकित झाली नाही. तिने हिंदीत समजावलं की यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, बॅकग्राउंड साधाच ठेवतात, मोठे ब्रँडही तसंच करतात. नवरा कामावरून येऊन पाय धुत होता. तो बाहेर आला.

"फोटो काढून टाकाले सांगतलं का तिनं?"

मी म्हटलं, काढायला नाही, दिसू न द्यायला.

"एकच होय ते," तो म्हणाला. "आडनाव टोचते लोकायले. पोळी नाई टोचत."

मुलगी म्हणाली, "पापा, मार्केटिंग है." बऱ्याच वेळाने जेवताना तो एवढंच म्हणाला की वर्कशॉपमध्ये लोखंड उचलताना त्याला कुणी जात विचारत नाही, पण त्याच लोकांच्या घरी तो इतक्या वर्षांत किती वेळा जेवलाय ते त्यालाच माहीत. त्यानंतर त्याने हा विषय सोडला, माझं काय ते मी ठरवावं म्हणाला.

आम्ही फोटोला हात लावला नाही. पोळ्या लाटायचं टेबल फिरवून स्वयंपाकघरात नेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळची भिंत मोकळी होती आणि उजेडही तिथेच चांगला होता, म्हणजे तसं बघितलं तर त्या पोरीचे दोन्ही सल्ले एकाच वेळी पाळले गेले. नाव मुलीने ठेवलं, नुसतं पुरण आणि घर या दोन शब्दांचं. गोड होतं नाव. त्यात मी कुठेच नव्हते.

आणि धंदा चालला. हे सांगताना मला अजून कडू वाटतं, कारण सल्ला खोटा निघाला असता तर बरं झालं असतं. तुपाच्या धारेचा व्हिडिओ लोकांनी पुढे पाठवला. नव्या अपार्टमेंटमधून, पंडरीतून, तात्यापाऱ्यातून ऑर्डरी येऊ लागल्या. तात्यापारा म्हणजे जुन्या मराठी लोकांचा भाग. तिथली मराठी माझ्यापेक्षा वेगळी, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी. त्यांच्याशी फोनवर बोलताना मी नकळत 'मले'चं 'मला' करू लागले. नवरा हसायचा. म्हणायचा, टेबल फिरवलं तशी जीभही फिरवली काय.

तात्यापाऱ्यातल्या एका काकूंशी माझी चांगली गट्टी जमली. त्या साठीच्या पुढच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. पहिली ऑर्डर त्यांनी भाचीच्या डोहाळजेवणाला दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला. म्हणाल्या, "अहो, रायपुरात चाळीस वर्षं झाली, पण अशी पोळी माझ्या आजोळी खाल्ली होती त्यानंतर आज." मग पुढे दर पंधरवड्याला त्यांचा फोन. गप्पा मारायला लागल्या. कुणाचं लग्न ठरलं, गुडघे किती दुखतात, सून कशी उलट बोलते. त्यांच्या सासूबाई फार थकलेल्या, दात नाहीत, त्या माझी पोळी दुधात कुस्करून खातात आणि दुसरं काही मागत नाहीत, हे त्यांनी मला किती वेळा तरी सांगितलं. हळूहळू त्या मला 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या. मला ते फार बरं वाटलं. परक्या माणसाने 'तू' म्हणावं असं या शहरात माझ्या बाबतीत फारसं झालं नव्हतं, म्हणजे प्रेमाने तरी.

माहेर कुठलं असं त्यांनी विचारलं तेव्हा मी भंडाऱ्याजवळचं गाव सांगितलं. त्या म्हणाल्या, छान, धानाचा मुलूख. एकदा पंचांगातलं काहीतरी बोलताना 'आपल्यात' असं करतात ना, म्हणाल्या. मी हुं म्हटलं. फोनवर हुं म्हणायला किती वेळ लागतो. त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि मी काही त्यांना गृहीत धरायला सांगितलं नव्हतं. त्यांनीच पेजवर माझ्याबद्दल सगळ्यात मोठं लिहिलं होतं. हाताला चव म्हणजे काय ते इथे कळतं, घरचं पावित्र्य आहे, असं. पावित्र्य हा शब्द वाचून मी मुलीला दाखवला. ती म्हणाली, बढ़िया रिव्यू है, ऊपर पिन कर देते हैं. आणि तिने तो सगळ्यात वर लावला.

त्यांच्या महिला मंडळातल्या बायका मग माझ्याकडे येऊ लागल्या. भाद्रपदाच्या आधी काकूंनी महालक्ष्म्यांच्या जेवणाची ऑर्डर दिली. आमच्या विदर्भाकडच्या लोकांच्या घरी गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. दुसऱ्या दिवशीचं जेवण मोठं असतं, आणि त्या दिवशी नैवेद्याला पुरण लागतंच. काकूंच्या घरी सगळं कुटुंब जमणार होतं. त्यांना उभं राहवत नव्हतं, सुनेला पुरण जमत नव्हतं, म्हणून पोळ्या माझ्याकडून. त्यांच्या मंडळातल्या आणखीही काही घरांनी सांगितलं. मी डाळ, गूळ, वेलची आणून ठेवली, वस्तीतल्या दोन बायकांना मदतीला बोलावून ठेवलं, मुलीने ऑफिसातून सुट्टी घेतली.

काकू माझ्या घरी कधी आल्या नव्हत्या. डबे पोचवायला एक ठरलेला रिक्षावाला जायचा. पण नैवेद्याचं प्लास्टिकमध्ये नको, म्हणून त्या घरचा मोठा स्टीलचा डबा द्यायला स्वतः आल्या. फोन न करता आल्या, मला आनंदाचा धक्का द्यायचा होता म्हणे. नकाशाने त्यांना बरोब्बर माझ्या दाराशी आणून सोडलं. दारात उभं राहून मीच तर ती जागा लावली होती.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. त्या इतक्या दिवसांच्या आवाजाला चेहरा मिळाला म्हणून मला खरोखर आनंद झाला होता. गोऱ्या, ठेंगण्या, फिकट हिरवी साडी, डबा छातीशी धरलेला. या काकू, बसा, म्हटलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि हसत घर बघू लागल्या. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे एका जागी थांबले. खुर्ची बरोबर त्या भिंतीसमोर होती. त्यांनी फोटो पाहिला, खालची मूर्ती पाहिली, मूर्तीपुढे सकाळची विझलेली मेणबत्ती होती ती पाहिली. मग दारावरच्या पाटीकडे मान वळवली. आत येताना ती वाचायची राहिली असावी. पाटीवर नवऱ्याचं नाव आहे, आडनावासकट.

मी पाणी आणलं. त्यांनी ग्लास घेतला. हातात धरून ठेवला. बोलत राहिल्या. गर्दी किती होती येताना, रस्ता किती खोदून ठेवलाय. मग ग्लास तसाच खाली ठेवला आणि म्हणाल्या की आज उपास आहे. उपासाला पाणी चालत नाही असं मी तरी ऐकलं नव्हतं. मी पोळ्या किती वाजेपर्यंत हव्यात, असं विचारलं. त्या म्हणाल्या, सांगते, फोन करते. उठताना त्यांनी डबाही उचलला.

"डबा ठेवा ना काकू, त्यातच भरायच्यात."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पाठवते नंतर."

'राहू दे' नाही. 'राहू द्या.' मी दारात उभी राहून त्यांना ऑटोत बसताना बघत होते आणि माझ्या कानात तो एवढाच शब्द होता.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. अमरावतीहून नणंद येतेय, ती घरीच सगळं करणार म्हणते, तर या वेळी पोळ्या नकोत, तसदीबद्दल क्षमस्व. खाली जोडलेले दोन हात. वाचून झाला तसा मी मोबाईल उपडा ठेवला. मुलगी म्हणाली की खरंच नणंद येत असेल. मग मंडळातल्या दुसऱ्या घराचा मेसेज आला, त्यांच्याकडे सुतक आलं होतं. तिसरीने काहीच कारण दिलं नाही. एकीने तर फोनच उचलला नाही, आणि गिऱ्हाइकाला गप्प ठेवू नका हे मला शिकवलं होतं, पण गिऱ्हाईकच गप्प झालं तर काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. कुणी वाईट बोललं नाही. कुणी एक ओळसुद्धा वाईट लिहिली नाही. लिहिलं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं; वाईट रिव्ह्यूला शांतपणे उत्तर कसं द्यायचं ते मला येत होतं.

संध्याकाळी मुलीने पेज उघडलं तर सगळ्यात वरचं ते मोठं कौतुक तिथे नव्हतं. काकूंनी काढून टाकलं होतं.

मी फोन लावला. नवरा समोर बसला होता, नको लावू म्हणत होता. काकूंनी उचलला.

मी विचारलं, "काकू, माझ्या हाताचं काही चुकलं का?"

"छे हो, काहीतरीच काय. छानच असतं तुमचं." मग त्या म्हणाल्या, "माझं विचाराल तर मी हे काही मानत नाही. शाळेत सगळी मुलं सारखीच होती मला. पण देवाचं काम आहे, घरात सासूबाई आहेत. समजून घ्या."

"सासूबाई वर्षभर माझीच पोळी खाऊन राहिल्या ना."

माझ्या तोंडून 'खाऊन राहिल्या' निघालं. इतके महिने जपलेली भाषा त्या एका वाक्यात सुटली. मग त्या म्हणाल्या, आणि आवाजात राग नव्हता, दुखावल्यासारखा होता, जणू मीच त्यांचं काही घेतलं होतं:

"तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"काय सांगायला हवं होतं, काकू?"

त्यांनी कुकर लावलाय म्हणून फोन ठेवला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी तरीही पुरण केलं. डाळ आणलेली होती, बायका मदतीला आल्या होत्या, त्यांना परत कसं पाठवणार. पोळ्या वस्तीत वाटल्या. लोकांनी विचारलं, आज कशाचं? मी म्हटलं, असंच. नवऱ्याने एकही खाल्ली नाही, पोट बरं नाही म्हणाला.

नंतर काही दिवसांनी मी पंडरीत त्या हॉलवर गेले. नव्या बायकांची तुकडी होती. ती पोरगी तेच शिकवत होती, खिडकीचा उजेड, तुपाची धार. मी मागे उभी राहिले. संपल्यावर तिने मला ओळखलं, खूश झाली, माझं पेज ती अधूनमधून बघायची म्हणे. आम्ही खाली चहाच्या टपरीवर गेलो आणि मी तिला सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता. मी तिला विचारलं की तुला ठाऊक होतं ना? मग नाव लपवायला काहून शिकवलं? आज ना उद्या कुणी दारात येणारच होतं.

ती मग म्हणाली की तिची आई गावात दूध विकायची. शहरात आल्यावर हिने पनीर आणि पेढे सुरू केले, पेज काढलं, सगळं स्वतःच शिकली. नाव लावलं आडनावासकट. "हमारे पारा में जैतखाम है, दीदी," ती म्हणाली. पारा म्हणजे मोहल्ला, आणि जैतखाम म्हणजे सतनामी लोकांच्या वस्तीत उभारलेला उंच पांढरा खांब; सतनामी म्हणजे छत्तीसगढमधले, आमच्यासारखीच शिवाशिव भोगलेले लोक. तिने पनीर करतानाचा फोटो टाकला होता त्यात मागे तो खांब दिसत होता. धंदा उभाच राहिला नाही. तोच माल तिने नंतर एका मैत्रिणीच्या नावाने विकला तर विकला गेला. "जो चलता है वही सिखाती हूँ. मैं भी तो नहीं लगाती."

मला वाटलं होतं की हे ऐकून माझा राग जाईल. तो गेला नाही. तिच्याविषयी वाईट वाटलं, पण राग होता तो होताच, फक्त आता तो कुणावर काढावा तेच कळेना. पापडवालीला भरवसा वाटतो असं ती म्हणाली होती, तेव्हाही तिला सगळं माहीत होतं. ती आमच्यापैकी प्रत्येकीकडे बघून मनात निवड करत होती, कुणाला लपवायला लावायचं आणि कुणाला नाही. हे काम तिच्याकडून कुणी सांगून करून घेत नव्हतं. मी चहा अर्धा ठेवून उठले. तिने विचारलं, दीदी, नाराज हो? मी म्हटलं, हव. छत्तीसगढीत 'हो'ला 'हव' म्हणतात. तिला तिच्या बोलीत उत्तर द्यावंसं वाटलं.

त्यानंतर मी पेजचं नाव बदललं. आडनाव लावलं, आणि टेबल परत बाहेरच्या खोलीत आणलं. मुलीने विरोध केला. म्हणाली, जो बनाया है सब चला जाएगा. तिचं बरोबर होतं. तिला ही गोष्ट धैर्याची वगैरे वाटली नाही, हट्टाची वाटली, आणि धंद्याच्या दृष्टीने तो हट्टच होता. नवरा तरी खूश होईल असं मला वाटलं होतं. नवीन व्हिडिओत भिंतीवरचा फोटो दिसतोय असं मी त्याला दाखवलं. त्याने चष्मा लावून नीट बघितला आणि मोबाईल परत दिला.

"आता लावून काय होते?" तो म्हणाला. "लपवलं होतं, तेच ध्यानात राह्यते लोकायच्या."

ऑर्डरी कमी झाल्या. बंद झाल्या असं नाही. आमच्या वस्तीतून येतात, भिलाईहून आमच्या लोकांच्या येतात, नव्या अपार्टमेंटमधल्या काही तरुण जोडप्यांच्या येतात ज्यांना माझ्या आडनावाशी काही देणंघेणं नाही, किंवा त्यांना त्याचा अर्थच कळत नाही. मला त्यांच्याशी बोलायला आवडतं, पण मी आता कुणाशीही फोनवर जास्त वेळ बोलत नाही. कुणी गावाबद्दल, माहेराबद्दल विचारू लागलं की ऑर्डर लिहून घेते आणि ठेवते.

मंडळातल्या एका बाईंचा मधे एकदा मेसेज आला होता. घरी पाहुणे आहेत, पोळ्या हव्यात, पण डब्यावर नावाचं स्टिकर लावू नका, साध्या पिशवीत पाठवाल का. मी लिहिलं की स्टिकर लावल्याशिवाय माल बाहेर जात नाही. तिकडून उत्तर आलं, ठीक आहे, मग राहू द्या.

आता धंदा लावणाऱ्या बायका कधीकधी मला विचारायला येतात, फोटो कसे काढता, भाव कसा ठरवता. मी सगळं सांगते. खिडकी, तूप, वेगळा नंबर, पासवर्ड, दारात उभं राहून लावायची जागा. नावाचं विचारलं की मात्र मी काही सांगत नाही. एक पोरगी आली होती आमच्याच वस्तीतली, मोमो विकणार होती. दोन कागदांवर दोन नावं लिहून आणली होती, एक आडनावासकट, एक त्याशिवाय. कोणतं ठेवू काकू, असं विचारत होती. मी कितीदा तरी ते दोन कागद वरखाली केले आणि म्हटलं, तुझं तू बघ. ती नाराज होऊन गेली. तिने बिनआडनावाचं ठेवलं. तिच्या मोमोला चांगलं गिऱ्हाईक आहे.

माझी मुलगी आता एका खाजगी कंपनीत कामाला आहे, दुसऱ्यांची पेजेस सांभाळते. त्यात ती हुशार आहे. तिचं स्वतःचंही एक प्रोफाइल आहे. त्यावर तिचं पहिलं नाव आहे आणि पुढे काही नाही. एकदा मी विचारलं तर तिने मोबाईलमधून डोकं न उचलता सांगितलं, "मम्मी, आजकल सब ऐसे ही रखते हैं."